आत्याचं वर्ष : झाडापानांत रमलेल्या माणसाची आठवण कशी जपावी

घरातलं वडीलधारं माणूस गेलं की पहिल्या तेरा दिवसांत काय करायचं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. गुरुजी सांगतात, शेजारचे सांगतात, लांबची काकू फोनवरून सांगते. त्यानंतरच्या वर्षांचं मात्र कुणी सांगत नाही. फोटो मोठा करून भिंतीवर लागतो, त्याला चंदनाचा हार येतो, वर्षश्राद्धाला पान वाढलं जातं. ज्या माणसानं उभं आयुष्य झाडं, पाखरं, मंडईतली ताजी भाजी आणि संध्याकाळचा चहा यांत आनंद मानला, त्या आनंदातलं काहीच घरात उरत नाही. मला हे सहन होत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

माझी आत्या पुण्यात एरंडवण्यातल्या एका जुन्या सोसायटीत तळमजल्यावर राहायची. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली. पहाटे वेताळ टेकडी, परत आल्यावर बागेला पाणी, मग देवपूजा. दागिन्यांची हौस नव्हती, हॉटेलात जाणं आवडायचं नाही, पण पहिला ओला हरभरा मंडईत दिसला की घरी येऊन चार जणांना फोन करायची. गेल्या पावसाळ्यात ती गेली. त्यानंतर बाबांनी (तिचा धाकटा भाऊ), आतोबांनी, माझ्या आतेबहिणीनं आणि मी मिळून जे केलं आणि आता दर वर्षी जे करणार आहोत, ते सविस्तर सांगते. तुमच्याकडे आजोबा असतील, मामी असेल. टेकडीऐवजी नदीकाठ असेल. पद्धत बदलायला फारसं लागणार नाही.

माझं म्हणणं असं की वस्तू जपण्याआधी माणसाच्या सवयी जपाव्यात. आणि सवयी जपायच्या तर आधी त्या लिहून काढाव्या लागतात. कुठे, कधी, कशी, कुणाबरोबर, सगळं.

आवरण्याआधी टिपून घ्या

घर रिकामं करायची घाई नातेवाइकांना फार असते. भाड्यानं द्यायचंय, सोसायटी पुनर्विकासाला जायचीय, कपाटं मोकळी करायचीत. थोडं थांबायला सांगा. रद्दी तर मुळीच देऊ नका, कारण अशा माणसांची खरी डायरी रद्दीतच सापडते.

आत्याच्या स्वयंपाकघरात दाराआड खिळ्याला कालनिर्णय टांगलेलं असायचं. वर्ष संपलं की ते कपाटाच्या खालच्या खणात जायचं. आम्ही तो खण उघडला तेव्हा गेल्या कित्येक वर्षांची कॅलेंडरं एकावर एक रचलेली सापडली. दुधाच्या खाड्यांच्या आणि गॅस सिलिंडरच्या नोंदींना खेटून बॉलपेननं बारीक अक्षरात लिहिलेलं: ‘तांबट बोलू लागला.’ ‘मोगरा, ४ कळ्या.’ ‘बहावा उघडला, लॉ कॉलेज रस्ता.’ ‘परीट दिसला, गच्चीवर.’ (तांबट आणि परीट ही पाखरं.) एका जुलैच्या चौकटीत नुसतं: ‘पाऊस. भजी. भाऊ आला होता.’ हे वाचून बाबा बराच वेळ त्या पानावर बोट ठेवून बसले होते.

तुमच्या माणसाचं असं काही असेलच. पासबुकाच्या मागचं पान, वाणसामानाची यादी, रोपवाटिकेच्या पावत्या, गॅस एजन्सीच्या पुस्तकातल्या नोंदी. सगळं मोबाइलवर उजेडात सरळ वरून फोटो काढून ठेवा, मग एक साधी दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक महिन्याला काही पानं सोडा आणि पानाच्या डोक्यावर दोन्ही नावं घाला, चैत्र आणि मार्च-एप्रिल. फुलं-पाखरांचं वर्ष इंग्रजी महिन्यांत नीट बसतं, सणावारांचं मराठी महिन्यांत, दोन्ही हवीत.

मग माणसांना विचारा. इथे एक सूचना आहे. मोठ्या घटना विचारू नका. आमच्या घरात पुण्यातल्या कुठल्याही घरासारखी पानशेतच्या पुराची गोष्ट आहे. १२ जुलै १९६१, तेव्हा आमचे लोक नारायण पेठेत होते. ती गोष्ट सगळ्यांना पाठ आहे आणि पूर कसा आला हे छापूनही आलेलं आहे. पण पाणी ओसरल्यावर अंगणातल्या चिखलातून जुईचा खुंट आत्यानं हातानं मोकळा केला आणि श्रावणात त्याला फूट आली, हे फक्त बाबांना माहीत होतं. आणि ते त्यांना आठवलं ते ‘अंगणात काय काय लावलेलं होतं?’ या प्रश्नावर. म्हणून प्रश्न बारीक ठेवा. सकाळी उठल्यावर आधी कुठली खिडकी उघडायची? चहा कशात प्यायची? कुठल्या झाडाखाली थांबायची? फुलं वेचायला कुठली परडी? पहिल्या पावसात काय करायची?

घराबाहेरच्या माणसांना विसरू नका. टेकडीवर रोज भेटणारी मंडळी, मंडईतली ठरलेली भाजीवाली, सोसायटीचा वॉचमन, घरकामाच्या मावशी. टेकडीवरच्या लोकांना आत्याचं नाव ठाऊक नव्हतं, पण ‘पिशवीवाल्या आजी’ म्हटलं की सगळे ओळखत. वाटेतल्या प्लास्टिकच्या बाटल्या ती पिशवीत भरून खाली आणायची. वर पोचल्यावर एका कातळावर बसून डोळे मिटायची आणि बोटांवर आवाज मोजायची, किती पाखरं बोलतायत ते. घरात हे कुणालाही माहीत नव्हतं.

आवाजाची घाई करा

बाकी सगळ्याला वेळ घेतला तरी चालतो, आवाजाला नाही. गेलेल्या माणसाचा फोन रिचार्ज झाला नाही की नंबर बंद पडतो आणि काही काळानं दुसऱ्या कुणाला मिळतो; फोन विकला किंवा पुसून मुलांच्या हाती दिला की त्यातलं गेलं. त्यामुळे पहिल्याच महिन्यात घरातल्या प्रत्येकानं आपापल्या व्हॉट्सॲपवर तिच्याकडून आलेले आवाजी निरोप शोधावेत, एकेक करून स्वतःला ईमेल करावेत आणि फाइलला नाव द्यावं. नुसता क्रमांक असलेली फाइल दहा वर्षांनी कुणी उघडत नाही. ‘आत्या, तांबट खिडकीपाशी, मार्च’ असं नाव असेल तर उघडतील. सगळं एका पेन ड्राइव्हवर आणि एका ऑनलाइन जागी, दोन्हीकडे ठेवा. आमच्याकडच्या एका निरोपात आत्या डाळ शिजली का एवढंच आतोबांना विचारते, पण मागे तांबटाचा टुक-टुक-टुक ऐकू येतो. मला तो निरोप सगळ्यांत जास्त आवडतो.

वर्षाची आखणी

वही भरली की मोह होतो तो सगळंच करण्याचा. ते जमत नाही, आणि दुसऱ्या वर्षी सगळंच सुटतं. प्रत्येक ऋतूतली एकच सवय निवडा आणि ती एका माणसाच्या नावावर करा. त्या माणसानं बाकीच्यांना कळवायचं.

दुसरं, तारीख ठरवू नका. ‘१५ एप्रिलला बहावा बघायला जायचं’ असं ठरवलं की ते दातांच्या डॉक्टरच्या अपॉइंटमेंटसारखं होतं. ‘बहावा उघडला की’ असं ठरवा. म्हणजे ज्याच्याकडे ते काम आहे त्याला मार्चअखेरपासून झाडाकडे बघत राहावं लागतं. आत्या नेमकं हेच करायची. तिथी तुम्ही श्राद्धाला पाळाच. इथे मात्र झाडाच्या वेळेनं चालू द्या.

आमच्या वहीतलं थोडं सांगते, म्हणजे तुम्हाला आपापलं सुचेल. माघ-फाल्गुनात टेकडीवर पळस, पांगारा आणि काटेसावर फुलतात. फांदीवर पान नसतं आणि फुलांवर साळुंक्या, बुलबुल, शिंजीर यांची गर्दी उडते. आत्या तेव्हा टेकडीवरून उशिरा परतायची आणि आतोबा स्वतःचा चहा स्वतः करून घ्यायचे. हा महिना आता आतोबांचा. चैत्रात दारातल्या कडुनिंबाला फुलोरा येतो. पाडव्याला आमच्याकडे नुसती पानं नसत. फुलोरा, गूळ, चिंच, ओवा असं वाटून सुपारीएवढी गोळी प्रत्येकाच्या हातावर पडायची. मग एप्रिल-मे बहाव्याचा. वैशाखात करवंदं आणि जांभळं, आणि मोगऱ्याची फुलं माठातल्या पाण्यात. ७ जूनच्या आसपास मृग लागतो; पहिल्या सरीनंतर टेकडीवर मखमली लाल मृगाचे किडे दिसतात, ते दाखवायला ती नातवंडांना मुद्दाम घेऊन जायची. आषाढ-श्रावणात मुळशी-मावळाकडच्या बायका रानभाज्या घेऊन बसतात. टाकळा, कुर्डू, कर्टोली. (ज्यांना भाजीची ओळख नाही त्यांनी स्वतः खुडून आणायच्या भानगडीत पडू नये. विकणाऱ्या बाईलाच शिजवायची रीत विचारावी, ती हौसेनं सांगते.) भाद्रपदात गौरींसाठी तेरडा. आश्विनात प्राजक्ताचा सडा. दसऱ्याला आत्यानं आपट्याची ओरबाडलेली फांदी कधी विकत घेतली नाही. झाडाखाली पडलेलं एक पान उचलून देवापुढे ठेवायची आणि आम्हाला सोनं म्हणून तिळाची वडी द्यायची. थंडीत परीट येतो, भोरड्यांचे थवे येतात, हुरडा आणि बोरं येतात. आणि जानेवारीत प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास एम्प्रेस गार्डनमधलं पुष्पप्रदर्शन, तिथून दर वर्षी एक रोप.

त्यातलं आम्ही काय निवडलं? फाल्गुनात पळस, चैत्रात कैरीची डाळ, मृगाचे किडे, आश्विनातला प्राजक्त, जानेवारीचं रोप. बाकी जमेल तसं.

खाण्याचं मोजमाप

अशा बायका कधी मापानं करत नाहीत, अंदाजानं करतात. पण अंदाजालाही एक भांडं असतं. ते भांडं आधी ताब्यात घ्या. आत्याची एक पितळी वाटी होती. तिच्यात काठोकाठ पाणी भरून आम्ही मापाच्या कपात ओतलं आणि वहीत मिलिलिटर लिहून ठेवले. आता वाटी कुणाकडेही गेली तरी माप सगळ्यांकडे आहे. पळी, चमचा, चहाचं भांडं यांचंही असंच करा.

कैरीची डाळ तिची अशी: एक वाटी हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवायची, निथळून जाडसर वाटायची, पाणी न घालता. तोतापुरी नको, आंबट गावरान कैरी किसून घालायची, आधी अर्धी वाटी घालून चव बघायची आणि मग वाढवायची. मीठ, चिमूटभर साखर, ओलं खोबरं, कोथिंबीर. तेलात मोहरी, हिंग, हळद, हिरव्या मिरचीचे तुकडे यांची फोडणी, आणि ती पूर्ण गार झाल्यावरच डाळीवर. गरम फोडणी ओतली की डाळीचा कच्चा करकरीतपणा जातो. आत्या फोडणीचं कढलं खिडकीत ठेवून यायची आणि तेवढ्या वेळात बाहेरच्या जास्वंदीवर नजर टाकायची. ती नजर टाकणंही आम्ही कृतीत लिहिलंय.

झाडं वाटून घ्या

हा सगळ्यांत महत्त्वाचा भाग, त्यामुळे इथे जरा सविस्तर.

आठवणीसाठी नवीन झाड लावण्याआधी त्या माणसाच्या हातची झाडं वाचवा. कुंड्या उचलून नेता येतात, पण एक कुंडी एकाच घरी जाते. तीच झाडं फांदीनं आणि बियांनी वाढवली तर सगळ्यांकडे जातात, आणि एखाद्याकडे मेलं तर दुसऱ्याकडून परत मिळतं.

आत्याच्या अंगणात एक लिंबाचं झाड आहे, तिनं स्वतः लावलेलं. सोसायटी पाडली जाणार हे ठरलेलं. मोठं झाड हलवणं कठीण, म्हणून त्याला गुटी कलम बांधलं, म्हणजे झाडावरच्या फांदीलाच मुळं फुटू दिली. कुणालाही जमण्यासारखं आहे. पावसाळ्यात, जून ते ऑगस्टमध्ये बांधा. पेन्सिलीएवढ्या जाडीची, साधारण वर्षाची, उन्हात वाढलेली निरोगी फांदी निवडा. शेंड्यापासून फूटभर खाली, डोळ्याच्या (पान फुटतं त्या जागेच्या) जरा खालच्या बाजूला, धारदार चाकूनं फांदीभोवती एक गोल चीर द्या. एक इंचाच्या आतबाहेर अंतर सोडून दुसरी. मधली साल अंगठीसारखी निघून येते. आतल्या लाकडावर जो बुळबुळीत हिरवट थर राहतो तो चाकूच्या पाठीनं खरवडून टाका. तो राहिला तर साल पुन्हा जुळते आणि मुळं फुटत नाहीत. रोपवाटिकेत वाळलेलं शेवाळ मिळतं. ते पाण्यात भिजवून घट्ट पिळा आणि मूठभर शेवाळ त्या उघड्या जागेवर लावून वरून पारदर्शक प्लास्टिक गुंडाळा. दोन्ही टोकं सुतळीनं करकचून बांधा, आत पावसाचं पाणी जाऊ देऊ नका. दीड-दोन महिन्यांत प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसू लागतात. ती दाट झाली, जराशी तपकिरी पडली की गाठीच्या खाली फांदी कापा, अर्धी पानं काढून टाका, प्लास्टिक सोडवा (शेवाळ सोडवू नका) आणि कुंडीत लावून दोन-तीन आठवडे सावलीत ठेवा. एकाच झाडावर जेवढी घरं त्याहून दोन-तीन गुट्या जास्त बांधा.

जुई, मोगरा, जास्वंद यांना एवढंही लागत नाही. वीतभर लांब, तीन-चार डोळ्यांची फांदी तिरपी कापा, खालची पानं काढा, दोन डोळे मातीत जातील अशी खोचा, वर तळ कापलेली पाण्याची बाटली उपडी घाला आणि सावलीत ठेवा. माती ओली हवी, चिखल नको. गुलबक्षी, गोकर्ण, अबोली, तेरडा यांच्या बिया गोळा करून सावलीत वाळवा आणि कागदी पाकिटात भरा. पाकिटावर झाडाचं नाव, तिचं नाव आणि साल लिहा. गुलबक्षीचं बी काळ्या मिऱ्यासारखं दिसतं, म्हणून ते स्वयंपाकघरात ठेवू नका. बी विषारी असतं.

अंगणातल्या मोठ्या झाडांबद्दल एक माहिती हवी. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ प्रमाणे शहरातलं झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही, ते स्वतःच्या आवारात असलं तरी. महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज जातो, झाडावर नोटीस लागते आणि नागरिकांना हरकत घेता येते. पुनर्विकासाच्या बैठकीत हे आधीच बोला: कुठली झाडं ठेवायची, त्यासाठी आराखडा कुठे सरकवता येईल. आतेबहिणीनं कडुनिंबाबद्दल बोलून ठेवलंय आणि तो नव्या आराखड्यात कुंपणालगत राखलेला आहे.

नवीन झाड लावायचं असेल तर

टेकडीवर जाऊन रोप खोचून येऊ नका. हे मी कळकळीनं सांगते, कारण भावनेच्या भरात पुष्कळ जण तेच करतात. ती जागा कुणाची तरी आहे, बहुतेक वन विभागाची नाहीतर महापालिकेची, परवानगी लागते. उन्हाळ्यात पाणी घालायला कुणी नसलं तर मार्च-एप्रिलमध्ये ते रोप वाळतं. शिवाय आपल्या टेकड्यांवरचं गवताळ माळरान रिकामं नसतं. चंडोल आणि तित्तिर तिथेच राहतात. झटपट हिरवं करण्यासाठी पूर्वी टेकड्यांवर गिरिपुष्प भरपूर लावलं गेलं आणि त्याखाली इथलं मूळचं फारसं काही वाढत नाही. आत्या हे सांगताना चिडायची.

त्यापेक्षा सोसायटीचं आवार, ओळखीची शाळा, गावाकडचा बांध अशी जागा निवडा, जिथे पाण्याची जबाबदारी घेणारं एक माणूस आहे. लहान जागेत तामण लावावा. महाराष्ट्राचं राज्यफूल आहे, मे-जूनमध्ये जांभळ्या फुलोऱ्यानं भरतो आणि फार पसरत नाही. बहावाही चालतो. बकुळ सावकाश वाढते, पण फुलं वाळली तरी वास जात नाही. वड, पिंपळ, उंबर इमारतीजवळ नकोत. विजेच्या तारेखाली काहीच नको. मे महिन्यात दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा काढून उन्हात तापू द्या. माती, कुजलेलं शेणखत आणि ओंजळभर निंबोळी पेंड मिसळून भरा. दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर रोप लावा. पुढचे तीन उन्हाळे पाणी घालायचं आहे, हे लावण्याच्या दिवशीच वाटून घ्या.

काही जण रक्षेतली मूठभर राख झाडाखाली घालतात. घाला, पण चिमूटभरच. राख क्षारयुक्त असते; कोवळ्या मुळांशी थेट जास्त पडली तर रोप जळतं. भरपूर मातीत कालवून खोडापासून हातभर लांब पसरा.

लुगडी, साड्या

रेशमी साड्या कपाटात राहतातच, त्यांची काळजी नको. रोजच्या सुती साड्या मात्र देऊन टाकायच्या यादीत जातात, आणि माणसाचा वास त्यांनाच असतो. त्यांची गोधडी करा. तीन-चार साड्यांचे थर, बाहेरच्या दोन बाजूंना बऱ्या अवस्थेतल्या, आत विरलेल्या. कडेपासून आत येत धावदोरा घालायचा. शिवणाऱ्या बाईला साड्या देताना कुठल्या दोन बाहेर दिसायला हव्यात ते सांगा, आणि पदर कापू नका म्हणून सांगा. आमच्या गोधडीवर पिवळी, बारीक चौकटीची साडी वर आहे, आत्या बागेत तीच नेसायची.

लहान मुलांना काम द्या

मुलांना ‘आजीची आठवण काढा’ म्हटलं की ती गप्प होतात. काम दिलं की बोलतात. गळून पडलेली फुलं-पानं वर्तमानपत्राच्या घडीत ठेवून वर जाड पुस्तकं ठेवायची, पहिले काही दिवस रोज कागद बदलायचा, आठ-दहा दिवसांनी जाड कागदावर चिकटवून खाली नाव, जागा, तारीख. माझा मुलगा हे करतो आणि नाव अडलं की बाबांना फोन करतो. दोघांचं त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी बोलणं होतं.

फेब्रुवारीत चार दिवस जगभर ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ ही पक्षिगणना होते. किमान १५ मिनिटं बघायचं, दिसलेले-ऐकलेले पक्षी मोजायचे आणि ई-बर्ड या संकेतस्थळावर यादी भरायची. घराच्या गच्चीवरूनही करता येतं. आम्ही ती आत्याच्या कातळावर बसून करतो. मुलं डोळे मिटून आवाज मोजतात, मोठी माणसं दुर्बीण घेऊन नावं शोधतात.

वर्षदिनाची फेरी

वर्षश्राद्ध ज्यांना घालायचं त्यांनी घालावं; त्यावरून घरात वाद करू नका. टेकडीवरची फेरी त्याच्या आसपासच्या रविवारी ठेवा. पुण्यात शहराच्या हद्दीतली सर्वांत उंच जागा म्हणजे वेताळ टेकडी, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर. चढ तसा सोपा आहे, तरी गुडघे दुखणाऱ्या माणसांसाठी दुसरी सोय हवीच. पावसाळ्यात वाट निसरडी असते. टेकडीवरच्या दगडखाणीच्या कडेला मुलांना एकटं सोडू नका, पाण्यात उतरू देऊ नका. वर भाषणं नकोत. ज्याला वाटेल त्यानं वहीतलं त्या महिन्याचं पान वाचावं. कुणी रडलं तर रडू द्या, आणि कुणाला यायचंच नसेल तर आग्रह करू नका; आतोबा पहिल्या फेरीला आले नाहीत, ते स्वतंत्रपणे पळसाच्या दिवसांत एकटे गेले.

निरोप मात्र स्पष्ट लिहा, नाहीतर प्रत्येक जण हार आणि पेढे घेऊन येतो. आमचा निरोप असा होता, हवा तर उचला:

‘रविवारी सकाळी सहा वाजता लॉ कॉलेजच्या बाजूनं टेकडीच्या पायथ्याशी भेटू. हार, फुलं, पेढे काही आणू नये. पाण्याची बाटली आपली आपण, आणि येताना एक रिकामी पिशवी. उतरताना वाटेतला कचरा तिच्यात. मोबाइलवर गाणी नकोत. पाऊस असला तरी निघायचं, छत्रीपेक्षा रेनकोट बरा. लिंबाची रोपं तयार आहेत, ज्यांना हवीत त्यांनी शनिवारपर्यंत कळवावं आणि घरी ऊन कुठल्या बाजूला येतं तेही लिहावं. ज्यांना चढ जमणार नाही त्यांनी साडेआठला थेट घरी यावं. पोहे आहेत.’